बारा ऑर तेरा

सोसायटीच्या तक्रारपेटीची किल्ली हरवली होती आणि ती हरवल्याची तक्रार त्याच पेटीत टाकावी लागत होती. शेवटी सर्वसाधारण सभेत, सगळ्यांच्या साक्षीने, पेटीचं कुलूप फोडण्यात आलं. आत बसची चुरगळलेली तिकिटं निघाली, एक लोकरीचा हातमोजा निघाला आणि टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात निघाली. तक्रार मात्र एकही नव्हती.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "याचा अर्थ एवढाच," ते म्हणाले, "की आपल्या सोसायटीत कुणाचीही, कसलीही तक्रार नाही."

यावर जो गदारोळ झाला त्यात दोन खुर्च्यांचे पाय मोडले. त्यांचीही तक्रार कुठे करायची हा प्रश्न उरलाच. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, जग कॉम्प्युटरवर गेलं आणि आपण अजून पेट्या फोडतोय!" आणि त्याच क्षणी चष्मेवाल्यांचा हात वर गेला.

बायकोने तो खाली ओढायचा प्रयत्न केला. पण वर गेलेला हात आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. चष्मेवाल्यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. कुणाला कुठल्या नंबरची काच दिली याची नोंद ठेवायला त्यांनी पुस्तकं वाचून स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो चक्क चालत होता. तेव्हापासून ते दुकानात जरा ताठ बसायचे. गिऱ्हाईक डोळे चोळत आत आलं की आधी त्याला प्रोग्रॅम दाखवायचे, मग चष्मा. डोळे अधू असल्यामुळे गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम नीट दिसत नसे, पण कौतुक करायला दिसावं लागतं असं थोडंच आहे!

"तक्रारींचा प्रोग्रॅम मी करतो," चष्मेवाले म्हणाले. "घरबसल्या तक्रार नोंदवा, मिटली की मोबाइलवर निरोप."

टाळ्या झाल्या. बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने पर्स उघडून आत बघितलं आणि पुन्हा मिटली. तिचं म्हणणं असं व्यक्त व्हायचं.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. ज्यांना कॉम्प्युटर सुरू कुठून होतो हे ठाऊक नव्हतं तेही दुकानात येऊन काउंटरवर कोपर टेकून सल्ला देऊन जात. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रंग हिरवा ठेवा, पेशंटला शांत वाटतं. लिफ्टशेजारी राहणारे निवृत्त कॅप्टन म्हणाले, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा. आणि दारातून परत येऊन म्हणाले, पण मला कळवत जा. सेक्रेटरींचं म्हणणं, तक्रार लिहायची जागा इतकी लहान ठेवा की कुणी फार लिहूच नये. चष्मेवाले सगळ्यांना मान डोलवत होते. काच घासताना मान डोलवायची त्यांना सवयच होती.

रविवारी मेहुणी आली. बायकोची ही धाकटी बहीण एका मोठ्या इस्पितळात कॉम्प्युटरचं काम बघायची. रुग्णांच्या नोंदी सांभाळणारी सगळी यंत्रणा तिच्याच हाताखाली. चष्मेवाल्यांनी तिला चहाचा कप हातात द्यायच्या आधी प्रोग्रॅम दाखवला. अपेक्षा एवढीच, की तिने "वा भावोजी!" म्हणावं.

ती म्हणाली, "अरे बापरे."

"म्हणजे चांगलं ना?"

"भावोजी, हे बघा. माणूस जे टाइप करतो ते तुम्ही उचलता आणि डेटाबेसला द्यायच्या हुकुमाच्या वाक्यात तसंच्या तसं चिकटवता. अर्धं वाक्य तुमचं, अर्धं त्याचं. मग हुकूम कुठे संपला आणि त्याचं बोलणं कुठे सुरू झालं हे मशीनला कसं कळणार?"

"मशीनला सगळं कळतं," चष्मेवाले म्हणाले.

मेहुणीने कप खाली ठेवला. "तुम्ही डोळे तपासताना गिऱ्हाइकाला म्हणता ना, समोरची अक्षरं वाचा? समजा तो वाचता वाचता म्हणाला, 'क, म, ट, दुकान बंद करा.' तुम्ही दुकान बंद कराल?"

"कशाला करीन?"

"तुमचा प्रोग्रॅम करेल. कुलूप लावून घरी जाईल."

चष्मेवाले हसले. मोठ्या इस्पितळात काम करणाऱ्या माणसांना सगळीकडे रोगच दिसतात, असं त्यांना वाटलं. "अगं, हे चोर लुटारू तुमच्याकडे. आमच्या सोसायटीत सगळी साधी माणसं. नळ गळतो, पंखा वाजतो, यापलीकडे कुणी काही लिहिणार नाही."

"बघा बाई," मेहुणी म्हणाली. आणि ताईला म्हणाली, "चहा छान झालाय." जिथे कौतुक करण्यासारखं होतं तिथे तिने केलं.

प्रोग्रॅम सुरू झाला त्या दिवशी सेक्रेटरींनी फाटकाजवळच्या ऑफिसात पेटीच्या जागी कॉम्प्युटर ठेवला आणि पहिली तक्रार लिहिण्याचा मान सोसायटीतल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाला दिला. हे गृहस्थ उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधक होते. सगळे त्यांना अनुस्वार आजोबा म्हणत. ते दूधवाल्याची चिठ्ठीसुद्धा दुरुस्त करून परत देत. त्यांच्या लग्नाच्या वेळी आलेल्या शुभेच्छापत्रांवर अजून लाल शाईच्या खुणा आहेत, असं त्यांची सून सांगायची.

आजोबांनी बोटं मोडली, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर पारखून लिहिलं: जिन्यात 'तात्पुरता' दिवा अजून किती दिवस ठेवणार?

हा तात्पुरता दिवा म्हणजे वायरला लोंबकळणारा एक बल्ब होता. तो लावला तेव्हा आजोबांचा नातू रांगत होता. आता त्याला मिशा फुटल्या होत्या. तात्पुरता या शब्दाभोवतीची दोन अवतरणचिन्हं म्हणजे आजोबांचा सगळा उपरोध होता. त्यांनी समाधानाने बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली. कॅप्टननी ती मोठ्याने वाचली आणि सगळ्यांच्या सोयीसाठी मराठीत सांगितली. "'तात्पुरता' या शब्दाजवळ वाक्यरचना चुकली आहे."

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं.

"कोण म्हणतं?" आजोबांनी विचारलं.

"प्रोग्रॅम म्हणतो."

"कुणाची वाक्यरचना?"

आजोबा उठले. त्यांनी छडी घेतली, टोपी घेतली आणि चष्मेवाल्यांकडे असं बघितलं, की दुसऱ्याच्या डोळ्यांचा नंबर बिनचूक काढणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या पायाखालची जमीन दिसेना.

खरं तर चूक आजोबांच्या वाक्यात नव्हतीच. प्रोग्रॅममध्ये माणसाचं लिहिणं दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये चिकटवलं जायचं. आजोबांचं पहिलं अवतरणचिन्ह आलं तसं मशीनला वाटलं, झालं, म्हणणं संपलं. पुढचं 'तात्पुरता' तिने हुकूम समजून वाचायचा प्रयत्न केला. तात्पुरता नावाचा हुकूम कुठल्याच मशीनला माहीत नसतो. पण हे आजोबांना समजावायला गेलेल्या चष्मेवाल्यांना त्यांनी दारातच एक व्याकरणाचं पुस्तक दाखवलं आणि म्हटलं, "यात आधी दाखवा, मग आत या."

आता शहाण्या माणसाने मेहुणीला फोन केला असता. चष्मेवाल्यांनी केला नाही. "बघा, मी म्हटलं होतं" हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून माणूस काय काय करतो! त्यांनी एकाच संध्याकाळी युक्ती काढली: माणसाने काहीही लिहिलं की प्रोग्रॅमने त्यातली सगळी अवतरणचिन्हं गुपचूप काढून टाकायची. न रहेगा बाँस, न बजेगी बाँसुरी. ही हिंदी म्हण त्यांना इतकी आवडली की ती त्यांनी दुकानातही दोन गिऱ्हाइकांना ऐकवली.

प्रोग्रॅम बिनबोभाट चालू लागला. आजोबांनी, सुनेने खूप विनवल्यावर, पुन्हा तेच वाक्य लिहिलं. या वेळी लाल ओळ आली नाही. वाक्य सेक्रेटरींकडे गेलं, अवतरणचिन्हांशिवाय: जिन्यात तात्पुरता दिवा अजून किती दिवस ठेवणार?

सेक्रेटरींनी ते वाचलं. त्यांना ते अगदी रास्त वाटलं. खरंच, किती दिवस ठेवायचा तात्पुरता दिवा? त्यांनी वायरमनला बोलावून तो काढून टाकला आणि तक्रार मिटल्याचं कळवलं.

त्या दिवशी दिवेलागणीला अनुस्वार आजोबा फिरून आले आणि जिन्यातल्या मिट्ट काळोखात एक मजला जास्तच चढले. कॅप्टनांच्या दाराला आपली किल्ली लावून ते बराच वेळ खाटखूट करत होते. आतून कॅप्टननी गरजून विचारलं, "कोण आहे?" बाहेरून आजोबांनीही तितक्याच जोरात विचारलं, "माझ्या घरात कोण आहे?" पुढचं संभाषण सगळ्या जिन्याने ऐकलं. दारं उघडली, मोबाइलच्या बत्त्या लागल्या, आणि त्या उजेडात आजोबांनी मोबाइलवर आलेला निरोप सर्वांना वाचून दाखवला: "आपली तक्रार मिटवण्यात आली आहे. आपले समाधान हेच आमचे समाधान."

ते शेवटचं वाक्य चष्मेवाल्यांनी स्वतः रचलं होतं. आता त्यांना ते नको नकोसं झालं.

"दोन चिन्हं काढलीत तुम्ही," आजोबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माझं म्हणणं उलटं झालं. छापखान्यात एवढ्यासाठी माणसाची नोकरी गेली असती."

चष्मेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानातला दिवा काढून जिन्यात लावला. पण आजोबा त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. समोरून आले की छडीचं टोक न्याहाळत जायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी चष्मेवाल्यांनी देवाचे आभार मानले असते. पण मग सेक्रेटरींचा हात लागला.

सेक्रेटरी निवृत्त होण्याआधी ज्या कचेरीत होते तिथे कुठलीही गोष्ट ठामपणे लिहिणं धोक्याचं मानलं जाई. त्यामुळे त्यांच्या हाताला 'किंवा'चं वळण पडलं होतं. घरी पाहुणे आले तरी ते विचारत, "चहा किंवा तत्सम?" त्या सकाळी लिफ्टचं दार दुरुस्त झालं होतं. ही तक्रार मिटली असं प्रोग्रॅमला सांगायचं, तर तिचा क्रमांक लिहायचा. सेक्रेटरींना नक्की आठवेना, बारा की तेरा. यादीत वर जाऊन बघण्यापेक्षा त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत दोन्ही लिहून टाकले: बारा ऑर तेरा. प्रोग्रॅमला जो हवा तो तो घेईल. आणि बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ऑफिसच्या खिडकीबाहेर झाडाखाली बसलेल्या मंडळींचे मोबाइल वाजले. एकाचा, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे. वरच्या मजल्यांवरूनही टिंग टिंग ऐकू यायला लागलं. आपली तक्रार मिटवण्यात आली आहे. आपले समाधान हेच आमचे समाधान. सोसायटीतल्या यच्चयावत तक्रारी एका फटक्यात मिटल्या होत्या.

कुठल्याही राज्यकर्त्याला जमलं नाही ते सेक्रेटरींनी केलं होतं, आणि काही क्षण ते स्वतःही भारावून गेले होते. पण कामाच्या चिठ्ठ्या प्रोग्रॅममधूनच निघत. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात प्लंबर पाण्याचा पाइप सोडवून बसला होता. त्याला निरोप गेला, काम रद्द, तक्रार मिटली. प्लंबर हुकमाचा ताबेदार. त्याने पाना पिशवीत टाकला आणि तो निघून गेला. खुर्चीत एक पेशंट तोंडात औषध घेऊन चूळ भरायची वाट बघत होता. गच्चीवर गळती बुजवणारे अर्धी गच्ची बुजवून गेले. उरलेली अर्धी कुणाच्या डोक्यावर येते यावरून तिथे वेगळंच भांडण लागलं.

आणि हे सगळे लोक चष्म्याच्या दुकानात आले.

दुकान केवढंसं! एक काउंटर, एक आरसा, एक तपासणीची खुर्ची. खुर्चीवर एक गिऱ्हाईक नाकावर तपासणीची लोखंडी चौकट आणि त्यात चार काचा घालून बसलेलं होतं. त्याला आत शिरलेली माणसं दुप्पट दिसत होती आणि तो घाबरून भिंतीला चिकटला. तोंडात औषध घेतलेला पेशंटही आला होता. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो फक्त बोट दाखवत होता. सर्वांत परिणामकारक तोच.

"मी काही केलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मी बारा ऑर तेरा लिहिलं."

"मीही काही केलं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"तेच तर," दारातून आवाज आला. मेहुणी उभी होती. बायकोने तिला फोन करून बोलावलं होतं.

तिने गर्दी बाहेर काढली, कॉम्प्युटर उघडला, सेक्रेटरींनी काय लिहिलं ते बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. चष्मेवाल्यांना वाटलं, ती रडतेय. ती हसत होती.

"भावोजी, तुमच्या हुकुमाचं वाक्य काय झालं सांगू? 'जिचा क्रमांक बारा आहे, किंवा तेरा, अशी प्रत्येक तक्रार मिटली म्हणून लिही.' आपण समजतो, बारा नंबरची किंवा तेरा नंबरची. मशीन तसं समजत नाही. ती विचारते, क्रमांक बारा आहे? नाही. किंवा, तेरा? आता नुसतं तेरा म्हणजे काय? शून्य नाही ना, मग तिच्या लेखी ते 'हो'. प्रत्येक तक्रारीला तिला 'हो' असंच उत्तर मिळालं."

"पण मी अवतरणचिन्हं सगळी काढून टाकली होती!"

"यात अवतरणचिन्ह आहे कुठे? चिन्हं काढून भागत नाही. माणसाचं लिहिणं हुकुमात चिकटवायचंच नाही." तिने नोंदी वरखाली चाळल्या. "कालपर्यंतच्या नोंदींची नक्कल काढून ठेवली असेल ना?"

"कसली नक्कल?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

मेहुणीने डोळे मिटले. "बघा, मी म्हटलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, म्हणाली असती तर परवडलं असतं.

कुठल्या तक्रारी खरोखर मिटल्या होत्या आणि कुठल्या नुसत्या मशीनच्या मते, हे आता कळायला एकच मार्ग होता. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले घरोघर निघाले. लोक दारात उभं करून बोलतील, या तयारीने ते गेले. आणि पहिल्या दोन दारांत तसंच झालं. पण तिसऱ्या दारात त्यांना आत बसवलं. घरातल्या बाई म्हणाल्या, "वरचे लोक खुर्च्या सरकवतात, डोकं उठतं. पण काय हो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही." चष्मेवाले वर गेले आणि त्यांनी वरच्यांना सांगितलं. वरच्यांना धक्काच बसला. त्यांना वाटत होतं, खालच्या बाई जिन्यात बोलत नाहीत म्हणजे शिष्ट आहेत. त्यांनी लगेच जुन्या मोज्यांचे तुकडे खुर्च्यांच्या पायांना बांधले आणि खाली चहा प्यायला गेले. एका तरुणाने कबूल केलं की त्याची तक्रारच नव्हती, प्रोग्रॅम चालतो का ते तो बघत होता. कॅप्टन म्हणाले, "मी अकरा तक्रारी केल्या. त्यातल्या कुठल्या कुणाबद्दल हे आता आठवत नाही. सगळ्या मिटल्या म्हणून लिहा." फक्त आजोबा बाहेर आले नाहीत. सून म्हणाली, झोपलेत. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

शेवटी चष्मेवाले आपल्या घरी आले आणि सोफ्यावर पाय पसरले.

"आमच्याकडे नाही विचारायचं?" बायको म्हणाली.

"आपली कुठे तक्रार आहे?"

"आहे की. मी केली होती. म्हटलं, घरात सांगून ऐकलं जात नाही, सोसायटीत सांगून बघावं." ती कपड्यांची घडी घालत होती, वर न बघता. "लिहिलं होतं, आमच्या घरातले एक गृहस्थ दुकानातून येतात, कॉम्प्युटर उघडतात आणि काहीही विचारलं तरी 'हं' म्हणतात."

चष्मेवाले सरळ होऊन बसले.

"मग काल मला निरोप आला, तक्रार मिटवण्यात आली आहे. मशीनची चूक का असेना, मला बाई आनंद झाला. नवी साडी नेसून बसले, म्हटलं आज येतील ते बोलत येतील. तुम्ही आलात. मी विचारलं, कसा गेला दिवस? काय म्हणालात?"

चष्मेवाल्यांना आठवत नव्हतं. पण अंदाज करता येत होता. "हं," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

बायको हसायलाच लागली. हसता हसता घडी मोडली, ती पुन्हा घालायला चष्मेवाले उठले आणि घडी घालता घालता त्यांनी दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं, मोज्यांचे तुकडे, कॅप्टन, तोंडात औषध घेतलेला पेशंट, सगळं. साडीची घडी वाकडीतिकडी झाली. बायकोची ती तक्रार त्यांनी तरीही मिटलेल्यांत धरली नाही.

पुढचे सगळे रविवार मेहुणी येत राहिली. ती शिकवत होती आणि चष्मेवाले, इतक्या वर्षांत प्रथमच, मान न डोलवता ऐकत होते. हुकुमाचं वाक्य आधी पुरं लिहायचं. माणसाचं लिहिणं जिथे येणार तिथे नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं.

"प्रश्नचिन्ह? म्हणजे मला माहीत नाही असं मीच लिहून द्यायचं?"

"हो भावोजी. नसतंच माहीत. वाक्य मशीनला आधी समजू दे, एकदा समजलं की ते बदलत नाही. मग माणसाचं लिहिणं वेगळं पाठवायचं. ते त्या प्रश्नचिन्हाच्या जागी जाऊन बसतं आणि मजकूरच राहतं. त्यात कुणी 'दुकान बंद करा' लिहिलं तरी तो मजकूरच, हुकूम नाही. आणि जिथे आकडा हवा तिथे आकडाच आहे ना, हे आधी तपासायचं, म्हणजे सेक्रेटरीही सुखी."

प्रत्येक ठिकाणचं चिकटवलेलं सोडवायला लागलं. चष्मेवाले ते काम चष्म्याचा बारीक स्क्रू बसवावा तसं करत गेले. लाल इंग्रजी ओळ लोकांना दाखवणं बंद झालं. प्रोग्रॅमला हवं ते सगळं पुसायची जी मुभा होती ती काढून घेतली. रोजची नक्कल निघू लागली. आणि अवतरणचिन्हं काढून टाकणारी युक्ती चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने पुसली.

मग सोसायटीच्या सभागृहात भिंतीवर मोठा पडदा लावून मेहुणीने जाहीर आव्हान दिलं. "ज्याला मोडता येईल त्याने मोडावा."

असं आव्हान कुणी सोडतं का! रांग लागली. कॅप्टननी एका दमात इतकी चिन्हं बडवली की पडदा लष्करी नकाशासारखा दिसायला लागला. प्रोग्रॅमने ती सगळी तक्रार म्हणून नोंदवून घेतली. मेहुणीने स्वतः दोन-तीन जालीम वाक्यं लिहिली, ज्यांनी म्हणे बऱ्याच मोठ्या मोठ्यांचे प्रोग्रॅम उताणे पडतात. ती पण मजकूर म्हणून निमूट जाऊन बसली. सेक्रेटरींनी घसा साफ करून बारा ऑर तेरा लिहिलं. पडद्यावर आलं: कृपया एकच क्रमांक लिहा.

"एकच?" सेक्रेटरी खिन्न होऊन म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीत त्यांना असं कुणी कोंडीत पकडलं नव्हतं.

एवढ्यात मागून छडीचा आवाज आला. माणसं बाजूला झाली. अनुस्वार आजोबा कॉम्प्युटरपाशी येऊन बसले. प्रोग्रॅम मोडला तर मोडू दे, पण या माणसासमोर नको, असं चष्मेवाल्यांना वाटत होतं. आजोबा सावकाश लिहू लागले. अवतरणचिन्हं होती, अर्धविराम होता, उद्गारचिन्ह होतं, एक लांबलचक आडवी रेघही होती. त्यांनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर ते जसंच्या तसं उमटलं:

आमचे 'चष्मेवाले' सज्जन आहेत; परंतु त्यांनी गेल्या खेपेस दिलेल्या 'नव्या' चष्म्यातून मला दूरचे काही म्हणजे काहीही नीट दिसत नाही! — वाईट वाटेल म्हणून आजवर बोललो नाही.

बायकोने पर्स उघडली. आजोबा पडद्याजवळ गेले, नाक लावून त्यांनी ओळ न् ओळ तपासली, एकेका चिन्हावर बोट ठेवलं. मग ते वळले.

"सगळं आहे," ते म्हणाले. "छापखान्यात जन्म गेला माझा. मी दिलेलं जसंच्या तसं घेणारा पहिलाच भेटला. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही."

आणि चष्मेवाले? भर सभेत, भिंतीएवढ्या अक्षरांत त्यांच्या खऱ्याखुऱ्या धंद्याची अब्रू गेली होती. प्रोग्रॅमचं जाऊ दे, पण चष्मा! पण त्यांच्या चेहऱ्यावर बघता बघता जे आलं तो राग नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यापुढे अशी तक्रार आली होती जी कशी मिटवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"चला," ते म्हणाले आणि त्यांनी आजोबांचा हात धरला. "आत्ताच्या आत्ता."

अख्खी सभा मागोमाग दुकानाशी आली आणि काचेला नाकं लावून उभी राहिली. चष्मेवाल्यांनी आजोबांना खुर्चीत बसवलं, लोखंडी चौकट नाकावर ठेवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "आता? आता बरं की मघाशी?" आजोबा अक्षरं वाचत होते. चष्मेवाल्यांची बोटं भराभर चालत होती आणि ते बोलतही होते. बायको दारात उभी होती, तिला सांगत होते की डाव्या डोळ्याची काच त्या वेळी घाईत बसवली, प्रोग्रॅमच्या नादात होतो. बायको "हं" म्हणाली. दोघंही हसली.

"आता दिसतं," आजोबा एकदम म्हणाले. त्यांनी तक्ता तळापर्यंत वाचला. मग तशीच चौकट नाकावर ठेवून ते उठले, दुकानाबाहेर गेले, गर्दी बाजूला सारली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पहिल्यांदाच दुकानाची पाटी वाचली. 'येथे दृष्टीदोष तपासून मिळतील.'

"चष्मेवाले!" रस्त्यापलीकडून हाक आली. "बाहेर या. वेलांटी चुकलीय."

"कुठली हो?"

"दृष्टी एकटी असली की दीर्घ. तिला दोष जोडला की ऱ्हस्व होते."

चष्मेवाल्यांनी पाटीकडे बघितलं. मग ते आत गेले, रंगाची जुनी डबी आणि ब्रश शोधून घेऊन आले आणि तपासणीच्या खुर्चीवर चढले. सेक्रेटरींनी खुर्चीचा एक पाय धरला, कॅप्टननी दुसरा, आणि कुठून धरावं याबद्दल दोघांनी परस्परविरोधी सूचना द्यायला सुरुवात केली.

"उजवीकडची पुसा," आजोबा रस्त्यापलीकडून ओरडले, चार काचांतून डोळे बारीक करत. "आता डावीकडून काढा. डावीकडून! हां. जरा गोल. अजून गोल."